दगडी बरी होते आणि महिन्याभरात परत येते, आमच्या गोठ्यात कारण कसं सापडलं ते सांगते

ज्यांच्या दावणीला दोन-चार गाया आहेत त्यांना दगडी म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते, हा गायीच्या कासेचा आजार. कास गरम, हाताला टणक, गाय धारेला उभी राहीना, दुधात कण्या, कधी पाण्यासारखं पिवळट दूध. डॉक्टर येतात, इंजेक्शन होतं, सडात ट्यूब सोडतात, चार-पाच दिवसात गाय बरी होते आणि आपण कामाला लागतो. मग महिना दीड महिना झाला की परत तेच. कधी तीच गाय, कधी शेजारची. मी लिहितेय ते या परत येण्याबद्दल, कारण एकदा झालेली दगडी कशी बरी करायची ते डॉक्टर बघतात, पण ती परत का येते ते डॉक्टरला आपल्या गोठ्यात दोन वेळ उभं राहिल्याशिवाय कळणार नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आमचं निफाड तालुक्यात साडेतीन एकर आहे. उन्हाळ कांदा, मका, सोयाबीन, कडेला अर्धा एकर नेपियर आणि घास, आणि पाच एचएफ म्हणजे होल्स्टीन जातीच्या गाया. धारा मीच काढते, हातानं. कांद्याचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि किती येतील ते त्या दिवशीच्या लिलावावर, पण घरचा किराणा, लाईट बिल, पोरीची कॉलेजची फी हे सगळं डेअरीच्या दहा दिवसाच्या पगारावर चालतं, त्यामुळे एक गाय जरी दगडीनं बसली तरी घरात लगेच कळतं. कारण शोधायला लागायच्या आधीच्या दीड वर्षात आमच्याकडे नऊ वेळा दगडी झाली. गौरी नावाची आमची सगळ्यात जास्त दुधाची गाय, तिचं मागचं डावं सड या सगळ्यात पुढं कायमचं गेलं. ते सड गेलं तेव्हा मी खूप रडले, ती माझ्या हाताखाली वाढलेली कालवड आहे.

आधी आम्ही काय काय केलं ते सांगते. पेंड बदलली. मुरघास बंद करून बघितला. सासूबाईंचं म्हणणं होतं की बाजार पडला तेव्हा चाळीतला खराब कांदा गायांपुढे टाकला म्हणून झालं. तर कांद्यानं दगडी होत नाही, पण कांदा जनावराला जास्त घालू नका हे खरंच आहे, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-कॉफीसारखी होते आणि जनावर अशक्त होऊन मरतं सुद्धा, त्यामुळे भाव पडला म्हणून पाट्याच्या पाट्या ओतू नका. दृष्ट पण काढली. गोठ्यात चुन्याची फक्की मारली, त्यानं थोडं बरं वाटलं आणि मग परत एक गाय बसली.

मग डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला की ताई, नेमकी कधी होते, कोणत्या सडाला होते? आणि मला सांगता येईना. नऊ वेळा झाली हे माहिती, पण कोणत्या तारखेला, पुढच्या सडाला की मागच्या, ताप होता का नव्हता, काहीच लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले कॅलेंडरवर लिहायला लागा, औषध मी देतोच आहे.

आमच्या स्वयंपाकघरात जे कॅलेंडर आहे त्यावर आमचे हे शेतीच्या लाईटचं लिहून ठेवतात, कारण आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा लाईट असते आणि एक आठवडा रात्री, आणि रात्रीच्या आठवड्याभोवती ते पेन्सिलनं गोल करतात. त्याच कॅलेंडरवर पोरीनं लाल पेननं दगडी लिहायला सुरुवात केली, गायीचं नाव आणि सड, म्हणजे चांदी मा.उ. म्हणजे मागचं उजवं, असं. तीन-साडेतीन महिने गेले. एक दिवस भाकरी करता करता माझं लक्ष गेलं आणि तवा तसाच ठेवून मी कॅलेंडरजवळ गेले. गौरी सोडली तर बाकी गायांच्या सगळ्या लाल खुणा पेन्सिलीच्या गोलात होत्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, रात्रीच्या लाईटच्याच आठवड्यात. आणि गौरीच्या खुणा कुठेही होत्या, पण सड एकच, मागचं डावं.

म्हणजे आमच्याकडे एक दगडी नव्हतीच, दोन वेगळ्या होत्या, आणि आम्ही दोन्हीला एकच समजून एकच उपाय करत होतो म्हणून अर्धा लागू पडायचा आणि अर्धा नाही. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी नीट समजावलं. दगडीचे जंतू ढोबळमानानं दोन ठिकाणाहून येतात. एक म्हणजे खालून, शेणातून, मुतातून, चिखलातून, यात ई. कोलाय वगैरे. ही अचानक येते, ताप चढतो, कास सुजते, दूध पाणी होतं. दुसरे म्हणजे एका गायीच्या सडातून दुसऱ्या गायीच्या सडात, आपल्याच हातानं, फडक्यानं किंवा मशीनमधून जाणारे, यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा मुख्य. ही चोरपावलानं येते, ताप नसतो, गाय चारा खात असते, नुसत्या अधूनमधून कण्या येतात आणि कासेत आतल्या आत गाठी होत जातात. तुमच्याकडे पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी एवढंच ठरवा की तुमची कोणती आहे, कारण दोन्हीचा बंदोबस्त वेगळा आहे.

आता रात्रीच्या आठवड्यात असं काय होत होतं. कांद्याला पाणी भरायला हे रात्री शेतात, पहाटे पाच-साडेपाचला येऊन पडायचे, म्हणजे सकाळचं सगळं माझ्या एकटीवर. दिवसाच्या आठवड्यात ते आधी शेण उचलायचे, मी धार काढायची आणि धार झाल्यावर ते गव्हाणीत कुट्टी टाकायचे. एकटी असले की मी उलटं करायचे. गाया ओरडू नयेत म्हणून आधीच गव्हाण भरून टाकायची, मग धारा काढायच्या, डेअरीची गाडी निघून जाईल म्हणून पळायचं आणि शेण नंतर. मला हे कधी चूक वाटलंच नाही, काम तेवढंच होतं, फक्त मागं पुढं.

पण गोष्ट अशी आहे की धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच बंद होत नाही. अर्धा तास, कधी तासभर सुद्धा ते उघडं असतं. त्या वेळात गाय उभी राहिली पाहिजे. माझ्या गाया धार होईपर्यंत पोट भरून घ्यायच्या आणि मी बादली उचलली की खाली बसायच्या, तेही रात्रभराच्या न उचललेल्या शेणात. उघडं सड सरळ शेणात. एकदा मी मुद्दाम थांबून बघितलं, चांदी माझ्यासमोर बसली आणि तिच्या मागच्या दोन्ही सडांची टोकं हिरव्या शेणात टेकली, आणि सडाच्या टोकावर दुधाचा एक थेंब अजून तसाच होता. ते बघितल्यावर मला कोणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

उपाय फुकटचा निघाला. कितीही घाई असली तरी आधी मागचं शेण ओढायचं, मग धार, आणि गव्हाण धार झाल्यावरच भरायची, म्हणजे गाय खायला अर्धा पाऊण तास उभी राहते. ओरडल्या तर ओरडू द्या, धारेच्या वेळी थोडा खुराक पुढं ठेवला की गप्प होतात आणि पान्हाही नीट सोडतात. डेअरीच्या गाडीला मी रात्रीच्या आठवड्यात दूध घालायला पोरीला पाठवते आणि मी गोठा सोडत नाही. हे सुरू केल्यापासून बाकी चार गायांत आठ महिन्यात एकच दगडी झाली, तीही पावसाळ्यात, गोठ्याच्या कोपऱ्यात पागोळीचं पाणी येऊन चिखल झाला होता तिथं बांधलेल्या गायीला. तिथं मुरूम टाकून उतार काढला. पावसाळ्यात बसायची जागा कोरडी ठेवणं हे औषधापेक्षा मोठं आहे, मुक्त गोठा असेल तर आणखीच बघा, कारण तिथं सगळ्या गाया चिखलातूनच फिरतात.

आता गौरीचं. हे जास्त अवघड आहे आणि इथं माझी चूक जास्त होती.

डॉक्टर म्हणाले औषध बदलत बसण्यापेक्षा दूध तपासून घेऊ, कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते लॅबमधून कळेल. नमुना घ्यायची पद्धत महत्त्वाची आहे, नाहीतर रिपोर्ट चुकतो. औषध सुरू करायच्या आधी घ्यायचा. सड धुवून कोरडं करायचं, टोक स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, पहिल्या तीन-चार धारा टाकून द्यायच्या आणि मग लॅबनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बाटली आडवी धरून, सडाला न टेकवता घ्यायचं, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. घरातली औषधाची रिकामी बाटली धुवून वापरू नका. आमच्या रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकोकस आला.

आणि मग बाकीच्या गायांचं दूध घरीच तपासलं. ही टेस्ट प्रत्येकानं करावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. मेडिकलमध्ये सीएमटीचं (दगडी ओळखायच्या टेस्टचं) औषध आणि चार वाट्यांचा ट्रे मिळतो, नसेल तर कपडे धुवायची साधी पावडर चालते. १०० मिली पाण्यात साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पावडर विरघळवायची. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत, आणि जेवढं दूध तेवढंच हे पाणी, मिनिटभर वाटी गोल फिरवायची. पाण्यासारखं पातळ राहिलं तर सड चांगलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट, घट्ट, तार सुटायला लागली तर त्या सडात आतून दगडी आहे, वरून कास कितीही चांगली दिसू दे. दूध अर्थात फेकून द्यायचं आणि वाट्या घरात परत आणायच्या नाहीत.

आमच्या सोनीच्या एका सडाची वाटी घट्ट झाली. सोनीला आजपर्यंत एकदाही दगडी झालेली नव्हती, कण्या नाहीत, सूज नाही. मग आठवलं की दोन महिन्यापासून डेअरीवर आमचं एसएनएफ, म्हणजे दुधातलं फॅट आणि पाणी सोडून बाकीचं जे असतं ते, ८.५ वरून ८.२, ८.१ वर आलं होतं आणि आम्ही चाऱ्याला दोष देत होतो. या आतल्या दगडीत दुधातली साखर कमी होते, मीठ वाढतं, दूध कमी होतं, आणि कोणाला काही दिसत नाही. एसएनएफ विनाकारण उतरलं की आधी वाट्या लावा.

गौरीकडून सोनीकडे ते कशातून गेलं? फडक्यातून. माझ्याकडे एक जुन्या लुगड्याचं फडकं होतं, कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायचं, पिळायचं आणि ओळीनं पाचही गायांची कास पुसायची. मला वाटायचं मी किती स्वच्छतेनं करते. गौरी दारातून पहिली, म्हणून पहिली धार तिची, आणि तिच्या कासेचं सगळं त्याच पाण्यातून पुढच्या चौघींना. आता मी प्रत्येक गायीला वेगळं फडकं वापरते, पाच फडकी, रोज उकळून उन्हात वाळवते, रद्दी पेपरनं पुसलं तरी चालतं पण एक कागद एकाच गायीला. सड ओलं असताना धार काढायची नाही, ओल्या सडावरून घाण पाणी ओघळून टोकापाशीच जमा होतं. आणि धारेची ओळ बदलली. आधी पहिलारू आणि चांगल्या गाया, मग जुन्या, आणि आजारी गाय सगळ्यात शेवटी, तिच्यानंतर साबणानं हात. आजारी सडाच्या पहिल्या धारा जमिनीवर मारायच्या नाहीत, काळ्या कपात घ्यायच्या, म्हणजे कण्या पण दिसतात आणि गोठ्यात पसरत पण नाही.

आणखी एक, अंगठा. आमच्याकडे बऱ्याच बाया आणि माणसं अंगठा दुमडून धार काढतात, मीही तशीच शिकले होते. त्या दुमडलेल्या हाडानं सडाला आतून इजा होते आणि जंतूला घर मिळतं. पूर्ण मूठ करून काढायची, सुरुवातीला हात भरून येतो पण पंधरा दिवसात सवय होते. पान्हा पाच-सात मिनिटच टिकतो त्यामुळे एकदा कासेला हात लावला की मधे उठायचं नाही.

थंडीचं वेगळं सांगते कारण ते आमच्या भागाचंच आहे. निफाडची थंडी सगळ्यांना माहिती आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतच असतो. त्या दिवसात पहाटेच्या गार वाऱ्यानं ओल्या सडांना भेगा पडतात, आणि हा स्टॅफिलोकोकस नेमका अशा भेगांमधे घर करतो. म्हणून धार झाल्यावर सड आयोडीनच्या औषधात बुडवायचं, टीट डिप म्हणतात, मेडिकलमध्ये तयार मिळतं, थंडीत ग्लिसरीन असलेलंच घ्या म्हणजे भेगा पडत नाहीत. सड अर्ध्याच्या वर बुडलं पाहिजे, नुसतं शिंपडून उपयोग नाही. रोजचं कपातलं उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. हातानं पसरणाऱ्या दगडीवर एकच उपाय निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन.

औषधाचं. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच दिवस. मी दोनदा तिसऱ्या दिवशी बंद केलं होतं, कण्या थांबल्या, पैसे वाचले असं वाटलं, आणि गौरीच्या कासेत गाठ तिथंच बसली. स्टॅफिलोकोकस गाठीत लपतो, तिथं औषध पोचत नाही, म्हणून जुनी झालेली दगडी दुधात असताना बरी होणं फार कठीण. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही आणि वासराला पण पाजायचं नाही, माणसांची लेकरं ते दूध पितात.

घरगुती लेप बरेच जण विचारतात. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम खायचा चुना, वाटून लालसर लेप करायचा, कास धुवून, दूध पूर्ण काढून, दिवसातून आठ-दहा वेळा पाच दिवस लावायचा, एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ) पण हा सांगतं. सुरुवातीच्या सुजेवर मला याचा गुण आला आहे, लेप दर वेळी धुवून नवा लावा आणि धारेआधी तर स्वच्छ धुवाच. पण गायीला ताप असेल, चारा सोडला असेल, कान गार पडले, दूध पाण्यासारखं आलं तर लेप करत बसू नका, ती खालून आलेली दगडी असते, काही तासात विष अंगात भिनतं आणि गाय जाऊ शकते. तेव्हा सरळ डॉक्टर, नाहीतर १९६२ या जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या नंबरला फोन.

मशीनवाल्यांसाठी थोडं. माझ्या बहिणीकडे सिन्नरला मशीन आहे, तिच्याकडे अशीच सारखी व्हायची. सडाला लागतं ते रबर तीन वर्षं बदललेलंच नव्हतं, आतून बोट फिरवलं तर चिरा हाताला लागत होत्या. २५०० धारा किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा रबर बदलायचं. आणि दूध संपल्यावर मशीन तसंच लावून ठेवायचं नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली नाही. जुनी दगडी काढायची खरी वेळ गाय आटवताना, म्हणजे धार काढणं बंद करताना आहे. विण्याआधी दोन महिने गाय आटवतो त्या शेवटच्या धारेनंतर चारही सडात आटवायची ट्यूब सोडायची, ती रोजच्या ट्यूबपेक्षा वेगळी असते, औषध बरेच दिवस आत राहतं आणि दूध नसल्यामुळे वाहून जात नाही. सडाचं टोक स्पिरिटनं पुसून, नळी अगदी थोडीच आत घालायची, पूर्ण खुपसायची नाही, मग परत आयोडीन. डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. त्या दोन महिन्यात मिनरल मिक्श्चर बंद करू नका, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यानं प्रतिकारशक्ती टिकते. आम्ही तर आटलेल्या गायीला खराब कोपरा द्यायचो कारण दूध नाही, आणि कास नव्यानं तयार होते ती तेव्हाच.

सोनीला मागच्या वेळी तसं करून घेतलं. ती व्याल्यावर आठव्या दिवशी चारही वाट्या पातळ निघाल्या, एसएनएफ परत ८.५ लागलं. गौरीचं डावं सड डॉक्टरांनी बंद केलं, उरलेल्या तीन सडांना आटवताना ट्यूबा सोडल्या आहेत आणि ती या महिनाअखेरीला व्यायची आहे. लगेच चिकावर मी टेस्ट करणार नाही, तुम्हीही करू नका, चीक मुळातच घट्ट असतो, चांगल्या सडाची वाटी पण खराब दिसते आणि उगाच औषध सुरू होतं. चीक संपून दूध साफ झालं की सातव्या-आठव्या दिवशी तिच्या तीन वाट्या लावीन.